एकाच वेळी चार हस्तलिखिते: सीमाभागातील नवोदित बालसाहित्यिकांसाठी कामाची पद्धत

बालसाहित्य लिहू पाहणाऱ्या माणसाच्या हाती सहसा एकच लेखन नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तर हे अधिकच खरे आहे, कारण इथे लिहिणारे बहुतेक जण शाळा, बँक, दुकान, शेती किंवा घर सांभाळून लिहितात. एखाद्याला लिहिता येते असे गावात एकदा कळले की स्नेहसंमेलनाची नाटिका, शिवजयंतीच्या चित्ररथाचे निवेदन आणि ग्रामीण साहित्य संमेलनातील कविता ही सगळी कामे त्याच्याच दारी येतात. त्यात दिवाळी अंकासाठी कथा द्यायची असते, आणि मनापासून लिहायची असलेली कुमार कादंबरी वहीच्या विसाव्या पानावर अडलेली असते. एकेक काम पूर्ण करूनच पुढचे हाती घ्यावे, हा सल्ला ऐकायला सरळ वाटतो. पण अशा लेखकाला तो पाळता येत नाही, आणि माझ्या मते त्याने तो पाळूही नये. बालसाहित्यात एखादे हस्तलिखित संपादकाकडे किंवा चित्रकाराकडे महिनोन्महिने पडून राहते आणि त्या काळात हात रिकामे ठेवण्यात काहीच शहाणपण नसते.

अनेक कामे हाती असणे ही अडचण नव्हे. ती सगळी एकाच अवस्थेत असली की अडचण सुरू होते. तीन कथांचे पहिले खर्डे एकाच महिन्यात लिहू गेल्यास तिन्ही अर्धवट राहतात. याउलट एका कथेचा खर्डा सुरू आहे, दुसरी मुरत पडली आहे, तिसरी संपादकाकडे आहे आणि चौथीसाठी नुसती माहिती जमवणे चालू आहे, अशी स्थिती असेल तर चारही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. पुढील सर्व पायऱ्या ही स्थिती निर्माण करण्यासाठी आणि टिकवण्यासाठी आहेत.

पायरी १ : जे आहे ते सर्व एका पानावर आणा

एक साधे रजिस्टर घ्या आणि डोक्यात, मोबाइलमध्ये, जुन्या वह्यांत असलेले प्रत्येक लेखन एकेका ओळीत नोंदवा. प्रत्येक नोंदीपुढे पाच गोष्टी हव्यात: तात्पुरते नाव, वाचकाचे वय, अंदाजे लांबी, कोण वाट पाहत आहे आणि पुढची कृती. यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा असून नवोदित लेखक नेमका तोच ढिला ठेवतात. 'कादंबरी पूर्ण करणे' ही कृती नव्हे. 'प्रकरण ४: मुलगी वखारीत शिरते तो प्रसंग लिहिणे' ही कृती आहे, कारण ती वाचल्याबरोबर हात कामाला लागतो.

निपाणी भागातील एखाद्या लेखिकेच्या अशा पानावर पुढील नोंदी असू शकतील: तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आईच्या मुलीवर कुमार कादंबरी, वय १२ ते १४, कोणी मागितलेली नाही; बेळगावातील शहापूरच्या यंत्रमागावर बालकविता, वय ६ ते ८, दिवाळी अंकाला हवी आहे; भीमगड अभयारण्यातील वटवाघळावर माहितीपर पुस्तक, वय ९ ते ११; आणि शाळेसाठी २० मिनिटांची नाटिका, मुख्याध्यापक वाट पाहत आहेत. चार नोंदी एकाखाली एक दिसल्या की गोंधळ निम्मा ओसरतो, कारण कोणाची वेळ ठरलेली आहे आणि कोणते काम केवळ आपल्या हौसेवर उभे आहे हे लगेच कळते. हौसेच्या कामापुढे मात्र एक खूण जरूर करावी. मागणीच्या कामांखाली पहिला बळी त्याचाच जातो, आणि लेखक म्हणून तुमची ओळख बहुधा त्याच कामातून होणार असते.

पायरी २ : प्रत्येक प्रकाराची लांबी आणि मेहनत ओळखा

बालसाहित्याचे सर्व प्रकार छोटे आणि म्हणून सोपे, असा समज करून घेऊन कामे अंगावर घेतली की वेळापत्रक कोलमडते.

चित्रपुस्तकाचा मजकूर थोडा असला, तरी त्याला पानांच्या गणितात बसावे लागते. छापखान्यात कागदाच्या घड्या घालून फर्मा तयार होतो, त्यामुळे पुस्तकाची पाने आठ किंवा सोळाच्या हिशेबात येतात. १६, २४ किंवा ३२ पानांची चित्रपुस्तके दिसतात ती यामुळेच. २४ पानांत शीर्षकपान आणि प्रकाशनाचा तपशील वजा केल्यास कथेसाठी समोरासमोरच्या पानांच्या साधारण दहा-अकरा जोड्या उरतात. एवढ्या जागेत प्रत्येक जोडीवर काहीतरी नवे घडले पाहिजे आणि जे चित्रात दिसणार आहे ते शब्दांत पुन्हा सांगायचे नाही. अशा ३०० शब्दांच्या कथेला मी ३,००० शब्दांच्या कथेइतकाच काळ राखून ठेवतो.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या खुल्या डिजिटल मंचावर वाचनपातळ्यांची शब्दमर्यादा ठरलेली आहे. पहिल्या पातळीला २५० पर्यंत, दुसरीला ६०० पर्यंत, तिसरीला १,५०० पर्यंत आणि चौथीला त्याहून अधिक शब्द असतात. ही मोजपट्टी तिथे न लिहिणाऱ्यालाही उपयोगी आहे. आपली कथा ९०० शब्दांची झाली आहे आणि वाचक पहिलीतला आहे, हे एकदा आकड्यांत दिसले की कापायचे की वय बदलायचे, हा निर्णय टाळता येत नाही.

बालकवितेत वेळ मात्रांवर जातो. पादाकुलकासारख्या सोळा मात्रांच्या ओळीत मुलांचा ताल सहज बसतो. यंत्रमागावरच्या कवितेची पहिली ओळ 'मागावर खटखट चालली' अशी सुचली, तर तिच्या मात्रा पंधरा भरतात आणि म्हणताना शेवटी ठेच लागते. 'मागावरती खटखट चाले, आजोबांचे डोके हाले' असे केले की दोन्ही ओळी आठ-आठच्या दोन तुकड्यांत नीट पडतात. असे काम सलग तीन तास बसून होत नाही. ते खानापूर-बेळगाव बसमध्ये, दूध तापेपर्यंत किंवा रांगेत उभे असताना होते. म्हणून कवितेला वेगळा वेळ देऊ नये. ती खिशात ठेवावी.

माहितीपर पुस्तकाची मेहनत पडताळणीत असते. वर उल्लेख केलेले वटवाघूळ (Otomops wroughtoni) खानापूर तालुक्यातील बरापेडे गुहांमध्ये आढळते. त्याचे शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते जगात फक्त याच ठिकाणी आढळते असे अनेक वर्षे मानले जात होते. पुढे कंबोडियात आणि नंतर मेघालयातही त्याची नोंद झाली. जुन्या लेखातले 'जगात फक्त इथेच' हे वाक्य तसेच उचलले तर आपल्या भागाचा अभिमान सुखावेल, पण पुस्तक चुकीचे ठरेल. असे प्रत्येक विधान दोन ठिकाणी तपासावे लागते आणि हे काम थकलेल्या संध्याकाळीही करता येते, ही त्यातली सोयीची बाजू आहे.

नाटिकेचे तर बोलायलाच नको. त्यात साहित्यिक गुणांइतकेच हेही पाहावे लागते की वर्गातल्या बहुतेक मुलांना रंगमंचावर काहीतरी करायला मिळाले पाहिजे.

पायरी ३ : चार कप्पे आणि एक कडक नियम

रजिस्टरातील प्रत्येक काम चारांपैकी एका कप्प्यात घाला: जमवाजमव, खर्डा, मुरवण आणि बाहेर. जमवाजमव म्हणजे टिपणे, वाचन, माणसांशी बोलणे. खर्डा म्हणजे प्रत्यक्ष पहिले लेखन. मुरवण म्हणजे लिहून झालेले काम बंद ठेवणे आणि ठरलेल्या दिवशी उघडून त्याचे पुनर्लेखन करणे. बाहेर म्हणजे संपादक, चित्रकार किंवा स्पर्धेच्या परीक्षकांकडे गेलेले लेखन.

नियम असा की खर्ड्याच्या कप्प्यात एका वेळी एकच मोठे काम असेल. कविता किंवा पाच मिनिटांचे निवेदन या नियमातून वगळायला हरकत नाही. पण कादंबरी आणि नाटिका दोन्ही एकाच वेळी कोऱ्या कागदावर सुरू करू नयेत, कारण दोन्ही कामांना पात्रांचे आवाज कानात ठेवावे लागतात आणि ते आवाज एकमेकांत मिसळतात. वखारीतली मुलगी नाटिकेतल्या खोडकर मुलासारखी विनोद करू लागली की हा नियम मोडला गेला असे समजावे.

मुरवणीचा काळ आधीच ठरवून तारीख लिहावी. चित्रपुस्तकाला तीन आठवडे आणि कादंबरीला दोन महिने हा माझा अंदाज आहे. तारीख न लिहिता बाजूला ठेवलेले लेखन मुरत नाही, ते फक्त विसरले जाते.

पायरी ४ : वर्षाची आखणी कर्नाटकच्या शाळेवर आणि महाराष्ट्राच्या अंकांवर करा

सीमाभागातील लेखकाचे वर्ष दोन राज्यांच्या वेळापत्रकांवर चालते, आणि हे लक्षात न घेता पुण्या-मुंबईकडील लेखकांची आखणी उचलली तर ती इथे बसत नाही.

आपल्याकडील मराठी माध्यमाच्या शाळा कर्नाटकच्या शैक्षणिक वर्षानुसार चालतात. उन्हाळी सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी शाळा उघडते. महाराष्ट्रात त्या वेळी अजून सुट्टी असते. मध्यंतराची मोठी सुट्टी आपल्याकडे दसऱ्याला मिळते, दिवाळीला नव्हे. दिवाळी अंकांची परंपरा मात्र मराठीची आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ती चालत आली आहे आणि अंकांचे साहित्य बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत अंकासाठी लिहू, असे म्हणणाऱ्याला दोन कारणांनी काहीच मिळत नाही. सुट्टी त्याच्या वाट्याला आलेली नसते आणि अंक केव्हाच बाजारात आलेला असतो.

यावरून शिक्षक असलेल्या लेखकासाठी पुढील आखणी निघते. एप्रिल आणि मे हे मोठ्या खर्ड्याचे महिने. मात्र इथली शिवजयंती तिथीनुसार वैशाखात साजरी होते आणि चित्ररथ मिरवणुकीच्या आधीचे काही दिवस गल्लीतला कोणीही लिहिणारा माणूस मोकळा राहत नाही, म्हणून ते दिवस आधीच वजा करावेत. जून ते जुलै हा दिवाळी अंकांच्या कथा-कविता पुनर्लेखन करून पाठवण्याचा काळ. त्यांचे खर्डे आदल्या हिवाळ्यातच झालेले हवेत. ऑगस्ट-सप्टेंबर गणेशोत्सव आणि शाळेच्या कार्यक्रमांत जातो, तेव्हा फक्त जमवाजमव ठेवावी. पावसात गुहेपर्यंत जाता येत नाही, पण वाचनालयात बसता येते. दसऱ्याच्या सुट्टीत मुरत पडलेली कादंबरी उघडावी. नोव्हेंबरमध्ये नाटिका लिहून द्यावी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतील स्नेहसंमेलनासाठी तालमीला वेळ राहतो. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथे केवळ कविता वाचून परत येऊ नये, पुस्तकांच्या दालनात मुले कोणते पुस्तक हातात घेतात आणि किती वेळ धरून ठेवतात हे पाहावे. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे असतात, तेव्हा नवे काहीही सुरू करू नये.

शेतकरी लेखकाचे वर्ष अर्थातच वेगळे. भाताच्या रोप लावणीत आणि सुगीत त्याला वही दिसणारही नाही, आणि तसे आधीच मान्य केलेले बरे.

पायरी ५ : आठवडा प्रकल्पांनुसार नको, कामाच्या जातीनुसार वाटा

सोमवारी कादंबरी, मंगळवारी वटवाघूळ, बुधवारी नाटिका अशी वाटणी कागदावर फार छान दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक दिवशी वेगळ्या जगात शिरावे लागते आणि पहिला अर्धा तास दार शोधण्यात जातो. त्यापेक्षा वेळेची जात पाहावी. ज्या वेळी डोके सर्वांत ताजे असते ती वेळ, बहुतेकांच्या बाबतीत पहाटेची, खर्ड्यातल्या एकमेव कामाला द्यावी आणि आठवडाभर तेच काम त्या वेळी करावे. संध्याकाळचा तुकडा पडताळणी, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार यांसाठी ठेवावा. प्रवासात कविता आणि संवाद तोंडाने म्हणून पाहावेत. रविवारची एक लांब बैठक मुरवणीतून बाहेर आलेल्या लेखनासाठी राखावी, कारण पुनर्लेखन तुकड्यातुकड्याने केले तर कथेचा तोल हाताला लागत नाही.

रोज दोन तास मिळत नाहीत म्हणून लिहिणे होत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. पहाटेची ४० मिनिटे आठवड्यातून पाच वेळा मिळाली, आणि दर बैठकीत २०० शब्द झाले, तर आठवड्याला १,००० शब्द होतात. २५,००० शब्दांच्या कुमार कादंबरीचा खर्डा सहा महिन्यांच्या आत होतो. मात्र तीच पहाट चार कामांत वाटली की त्याच कादंबरीला दोन वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात मुलीचा आवाज कानातून गेलेला असतो.

पायरी ६ : थांबताना पुढची ओळ लिहून ठेवा

एका कामातून दुसऱ्यात जाताना जो वेळ वाया जातो तो कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे निघण्यापूर्वीची चिठ्ठी. बैठक संपताना त्या कामाच्या शेवटच्या पानावर तीन ओळी लिहाव्यात: आत्ता काय झाले, पुढे काय होणार, आणि कोणती शंका अडलेली आहे. 'आई वखारीतून परतली, हाताला वास आहे. मुलगी जेवताना हे बोलणार आहे, पण रागाने नव्हे. पगार आठवड्याला होतो का, मावशींना विचारणे.' दहा दिवसांनी ही वही उघडली तरी या तीन ओळींवरून गाडी पुन्हा रुळावर येते. त्यानंतर मागचे एक पान मोठ्याने वाचावे आणि मग पेन उचलावे. एकच पान वाचावे; पहिल्यापासून वाचायला घेतले तर दुरुस्त्या सुरू होतात आणि नवे लेखन राहून जाते.

पायरी ७ : प्रत्येक कामाची भाषावही

अनेक हस्तलिखितांवर एकत्र काम करणाऱ्यांच्या लेखनात भाषेची सरमिसळ होते, आणि सीमाभागात तिचा धोका जास्त आहे. इथल्या मुलाच्या तोंडी 'काय करूलास?' सहज येते, शेजारची थोरली मुलगी त्याची 'अक्का' असते आणि शाळेत तो कन्नडही शिकत असतो. हे सर्व कथेत यावे असे माझे ठाम मत आहे. बेळगावच्या मुलांना पुण्याच्या मुलांसारखे बोलायला लावणाऱ्या कथा इथल्या वाचकाला लगेच परक्या वाटतात. परंतु निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद इथल्या बोलीत ठेवायचे की निवेदनही बोलीत करायचे, हे प्रत्येक कामासाठी एकदाच ठरवून लिहून ठेवले पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक हस्तलिखिताला एक पान द्यावे. त्यावर पात्रांची नावे आणि वये, कोण कोणाला 'अहो-जाहो' करतो, आजीला काय म्हणतात, वस्तूंची इथली नावे आणि ठरवलेली शुद्धलेखनाची रूपे नोंदवावीत. कादंबरीत आजी सुनेला 'अगं' म्हणते आणि सहाव्या प्रकरणात 'अहो' म्हणू लागते, अशी चूक संपादकाच्या नजरेतून सुटत नाही. बाहेरच्या वाचकाला न कळणारा शब्द संदर्भातून उलगडेल अशी वाक्यरचना करावी. मुलांच्या पुस्तकात तळटीप कोणी वाचत नाही.

पायरी ८ : फाइली

याबद्दल थोडक्यात. सर्व लेखन युनिकोडमध्ये टंकलिखित करावे आणि फाइलच्या नावात कामाचे नाव, अवस्था आणि तारीख असावी, उदाहरणार्थ 'वखार-खर्डा२-१५मे'. 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'खरोखर अंतिम' अशी नावे देऊ नयेत. आपल्याकडील अनेक छापखाने आणि नियतकालिके अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीत अक्षरजुळणी करतात. युनिकोड मजकूर तिकडे नेताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतला 'ऱ्य' आणि काही जोडाक्षरे बिघडू शकतात, म्हणून मजकुराबरोबर पीडीएफ प्रत द्यावी आणि प्रूफ स्वतः वाचण्याचा आग्रह धरावा. मोबाइलवर बोलून टंकलेखन करणाऱ्यांनी बोलीतले संवाद हातानेच टंकावेत, कारण यंत्र 'करूलास'चे 'करू लागलास' करून मोकळे होते. आठवड्यातून एकदा सर्व फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवाव्यात.

पायरी ९ : मुलांपुढे वाचा, पण सगळी कामे एकाच दिवशी नको

मुरवणीचा काळ संपला की लेखन मुलांसमोर वाचावे. ओळखीच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक तास मिळवता येतो. त्या तासाला एकच लेखन न्यावे. दोन नेली तर मुले त्यांची तुलना करू लागतात आणि विनोदी कथा गंभीर कथेला खाऊन टाकते.

'गोष्ट आवडली का?' हा प्रश्न विचारू नये; गुरुजींसमोर मुले होयच म्हणणार. त्याऐवजी वाचताना आपल्या प्रतीवर खुणा कराव्यात: जिथे पाय हलू लागले तिथे आडवी रेघ, जिथे हशा आला तिथे फुली, जिथे कोणी 'मग?' म्हणाले तिथे गोल. वाचून झाल्यावर दोघातिघांना तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. सांगताना ते जो प्रसंग गाळतात तो बहुधा गाळण्यासारखाच असतो, आणि जो शब्द ते बदलून आपला शब्द घालतात तो लेखकाने मुकाट्याने टिपून घ्यावा. माझ्या अनुभवात मुले वर्णन गाळतात आणि खाण्याचे तपशील कधीच गाळत नाहीत. कुंद्याचा उल्लेख एका वाक्यात असला तरी तो पुन्हा सांगताना तीन वाक्यांचा होतो. मुलांची खरी नावे किंवा त्यांच्या घरातल्या ओळखता येतील अशा गोष्टी मात्र कथेत घेऊ नयेत.

पायरी १० : पाठवलेल्या लेखनाचा हिशेब आणि हक्क

'बाहेर' या कप्प्यासाठी रजिस्टरच्या मागच्या बाजूला वेगळे पान करावे. त्यावर काय, कोणाला, कोणत्या तारखेला पाठवले, उत्तर केव्हा अपेक्षित आहे आणि काय ठरले, एवढे असावे. अनेक कामे हाती असणाऱ्याकडून एकच कथा दोन अंकांना जाण्याची शक्यता असते आणि दोन्ही संपादकांनी ती छापली तर दोन्ही दारे बंद होतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. अशा नियतकालिकांना, तसेच दिवाळी अंकांना, अप्रकाशित लेखन हवे असते. तेव्हा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावे, वाजवी काळानंतर नम्रपणे विचारणा करावी, आणि नकार आला किंवा आपण लेखन मागे घेतल्याचे कळवले, की मगच दुसरीकडे पाठवावे.

स्टोरीवीव्हरसारख्या मंचावरील साहित्य खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध होते, म्हणजे लेखकाचे नाव देऊन कोणीही ते वापरू, छापू किंवा अनुवादित करू शकतो. वाचक मिळवण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे आणि इथल्या लेखकाची कथा त्यामुळे कन्नडमध्येही जाऊ शकते. परंतु जी कथा पुढे प्रकाशकाला द्यायची आहे ती तिथे टाकू नये. कोणते लेखन कोणत्या वाटेने जाणार, हे रजिस्टरात खर्ड्याच्या वेळीच लिहावे.

पुस्तकाचा करार करताना कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १९ माहीत असणे गरजेचे आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. हक्क घेतल्यापासून एक वर्षाच्या आत त्यांचा वापर झाला नाही, आणि करारात वेगळे म्हटलेले नसेल, तर त्या हक्कांचे हस्तांतरण संपते. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' अशा एका ओळीवर सही करण्यापूर्वी थांबावे. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांनी चित्रकाराशीही लेखी करार करावा आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, स्वतः मिळवावा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते देण्याचे कारण नाही. स्वखर्चाच्या पुस्तकाबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. पाचशे प्रती घरी आल्या की पुढचे वर्ष त्या विकण्यात आणि भेट देण्यात जाते, आणि इतर तीन कामे तिथेच राहतात. तेवढा वेळ खरोखर आहे का, हे आधी रजिस्टरातच पाहावे.

पायरी ११ : कोणते काम बंद करायचे

दर तीन महिन्यांनी यादी पुन्हा वाचावी. ज्या कामाची पुढची कृती सलग दोन वेळा तीच राहिली आहे, त्याच्याबद्दल निर्णय घ्यावा. कधी कारण साधे असते: कृती फार मोठी लिहिली गेली आहे, ती लहान केली की काम हलते. कधी वय चुकलेले असते. वटवाघळाची माहिती दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिताना सारखी जड होत असेल, तर तीच सामग्री सहा वर्षांच्या मुलासाठी चित्रपुस्तकात चांगली बसेल का, हे पाहावे. आणि कधी लेखकाला त्या विषयात रसच उरलेला नसतो. कोणीतरी सुचवले म्हणून तो घेतलेला असतो. असे काम बंद करावे, मात्र त्याची टिपणे फाडू नयेत. एका पाकिटात घालून, वर विषय आणि तारीख लिहून ठेवून द्यावीत.

ज्यांना वेळ दिला आहे अशा बाहेरच्या माणसांचे काम बंद करायचे असेल तर तसे स्पष्ट आणि लवकर कळवावे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'यंदा नाटिका जमणार नाही' असे सांगितल्यास मुख्याध्यापक दुसरी सोय करू शकतात. डिसेंबरमध्ये सांगितले तर मुलांची तालीमच होत नाही. नकार देताना जुनी, आधी बसवलेली एखादी नाटिका देऊ करावी. ती नवी नसली तरी यंदाच्या पाचवीतल्या मुलांसाठी ती नवीच असते, आणि आपली पहाट कादंबरीकडे राहते.